मूळ नळी

परचुऱ्यांनी पांढरे सुती हातमोजे चढवले, पिस्तुलाची नळी खिडकीतल्या उजेडाकडे धरली, डावा डोळा मिटला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग उजवा डोळा मिटून बघितलं. दोन्ही डोळ्यांना एकच दिसलं असावं, कारण त्यांनी नळी हळूच फडक्यावर ठेवली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मला वाटलं, कौतुक आहे.

"आमच्या चाचांनी," असं म्हणून मी काउंटरमागे बोट दाखवलं. तिथे दस्तगीर शिकलगार बसले होते. मिरजेत बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेलं ते दुकान त्यांचं, आणि आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी मान खाली घातली आणि चष्मा पुसायला घेतला. सत्तरीचा माणूस लाजला की त्याच्याकडे बघवत नाही.

"काम उत्तम आहे," परचुरे म्हणाले. "अतिशय उत्तम. सव्वा लाख."

"फोनवर साडेतीन म्हणाला होतात."

"तेव्हा तुम्ही पिस्तुलाला हात लावला नव्हतात."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीत एका शोरूममध्ये वापरलेल्या गाड्या विकायचो. त्या धंद्यात एकच शास्त्र असतं. विकायच्या आधी गाडी धुवायची, टायरना काळं पॉलिश फासायचं, आत मोगऱ्याचा वास मारायचा आणि गिऱ्हाईक येईपर्यंत इंजिन गरम ठेवायचं. वडील गेल्यावर घरातलं विलायती पिस्तूल विकायचं ठरलं, तेव्हा मी हेच शास्त्र त्याला लावलं. माझं नाव रणधीर इंगवले. मी लवंगी फटाक्यालाही कान झाकतो. हत्यारातलं मला जे काही कळतं ते मोगऱ्याच्या वासापाशी संपतं.

पिस्तूल आजोबांचं. ते एका छोट्या संस्थानाच्या शिकारखान्यात नोकरीला होते आणि संस्थान विलीन झालं तेव्हा सगळ्यांना काही ना काही मिळालं. कुणाला जमीन, कुणाला घोडा, आजोबांना पिस्तूल. वडिलांनी ते आयुष्यभर दर निवडणुकीला पोलिसांत जमा केलं आणि निकालानंतर परत आणलं, याव्यतिरिक्त त्याचा काही उपयोग केला नाही. त्यांच्यानंतर ते रीतसर चाचांच्या दुकानात ठेवलेलं होतं. नळी आतून गंजली होती. मी चाचांना म्हणालो, विकायच्या आधी जरा नीट करून द्या. चाचांनी नळी बघितली, दोन दिवस बोललेच नाहीत, आणि मग म्हणाले की नीट होणार नाही, नवीनच घालतो, पैसे नकोत. पैसे नकोत म्हटल्यावर मी विचार करायचं थांबवतो, हा माझा स्वभाव आहे.

त्यांनी तीन महिने घेतले. नळी कोरली, गोळीला फिरकी देणारे आतले पीळ हातानं पाडले, बाहेरून इतका निळाकाळा झिलमिल रंग चढवला की ती हातात घेतल्यावर मला क्षणभर शिकारखान्यात नोकरी करावीशी वाटली.

आणि त्या नळीनं सव्वादोन लाख खाल्ले.

"हे बघा इंगवले," परचुरे मोजे काढत म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले, पुण्याचे, जुन्या हत्यारांचा रीतसर परवाना असलेले संग्राहक. आवाज कधी चढत नसे. "मी पिस्तूल विकत घेत नाही, वय विकत घेतो. एकोणीसशे तेराची वस्तू एकोणीसशे तेराचीच हवी. तुम्ही आजोबांना नवे दात बसवलेत, ते छान आहेत, पण मला आजोबा हवे होते."

"पण जुनी नळी गंजली होती."

"तो गंज नव्हे. ती वयाची साय असते."

मी आयुष्यात अनेक गाड्या विकल्या आहेत. गंजाला साय म्हणण्याचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

जाता जाता त्यांनी एक दार उघडं ठेवलं. मूळ नळी सापडली, आणि ती पुन्हा बसवली, तर साडेतीन. पुढच्या रविवारी ते कोल्हापूरला लग्नाला येणार होते, तेव्हा मिरजेला उतरतील.

इथे मला माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण साडेतीन लाख मला नको होते, तिला हवे होते. शलाका नेमबाज होती, पंचवीस मीटर पिस्तूल मारायची. क्लबमध्ये एक चालू पिस्तूल आणि अकरा मुलं. तिच्या वाट्याला आठवड्यात चार तास यायचे, त्यातला एक तास आधीच्या मुलाच्या हाताचा घाम पुसण्यात जायचा. त्या वर्षी क्लब परदेशातून चार पिस्तुलं मागवत होता. त्यातलं एक तिच्या नावावर होतं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारपर्यंत, पूर्ण रक्कम भरली तर. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाला. आणि ज्युनियर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. ती या सगळ्याबद्दल तक्रार करायची नाही. जेवताना फक्त उजवा हात ताटापासून सरळ लांब धरून बसायची, घड्याळ लावून, आणि डाव्या हातानं जेवायची. आई म्हणायची, डाव्या हातानं जेवू नये. त्यापलीकडे आमच्या घरात या विषयावर चर्चा झालेली नव्हती.

तेव्हा मूळ नळी.

चाचांना विचारलं. ते एका दुनळीचा घोडा घासत होते. मान वर न करता म्हणाले की जुनी नळी नियमाप्रमाणे पोलिसांच्या मालखान्यात जमा केली. सोमवारी मी मालखान्यात गेलो. तिथल्या जमादारांनी मला एक मूलभूत प्रश्न विचारला: नळी हे हत्यार आहे की हत्याराचा भाग? कारण रजिस्टर वेगळं. मी म्हणालो भाग. त्यांनी भागांचं रजिस्टर शोधलं, ते हत्यारांच्या कपाटात होतं आणि त्या कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या माणसाकडे होती. दुपारी दोनपर्यंत त्यांना एक सायकल सापडली. चोरीची, चौऱ्याण्णव सालची. तुमची आहे का, असं त्यांनी खूप आशेनं विचारलं. त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटलं.

मंगळवारी चाचांना आठवलं की मालखान्यात नव्हे, पंचनामा करून कुपवाडच्या फाउंड्रीत वितळवायला दिली. फाउंड्रीवाल्यानं मला भंगाराचा ढीग दाखवला. ढीग दुमजली होता. तो म्हणाला, यात असेल तर घेऊन जा, आमची हरकत नाही. मी अर्धा तास त्या ढिगासमोर उभा राहिलो, कारण लगेच निघणं बरं दिसलं नसतं.

बुधवारी चाचांना त्यांचे मेहुणे आठवले. जयसिंगपूरला. मेहुणे शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. पिस्तुलाची नळी शिवणयंत्रवाल्याकडे कशाला, हा प्रश्न मला जयसिंगपूरला पोचल्यावर पडला. मेहुण्यांनी मला बसवलं, पोहे दिले, वर चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दस्तगीर खोटं बोलायला लागला की शेवटी माणूस माझ्याकडं धाडतो. तुम्ही या वर्षातले तिसरे."

मी तिथून थेट मिरजेला आलो. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी खूप बोललो. नेहमी मी बोलतो ते लोक हसावेत म्हणून. त्या दिवशी मला कुणी हसलेलं चाललं नसतं. मालखाना, सायकल, ढीग, पोहे, सगळं बाहेर काढलं. म्हणालो, चाचा, नळी विकून खाल्लीत का, तसं सांगा. म्हणालो, तुमच्या त्या सुंदर कामानं माझ्या बहिणीचं वर्ष खाल्लं. म्हणालो, पैसे घेतले असतेत तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

चाचांनी कानस खाली ठेवली.

"पोरगी मारते कशानं?" त्यांनी विचारलं.

"क्लबच्या पिस्तुलानं. अकरा जणांत एक."

"अकरा हातांत एक हत्यार म्हंजे ते कुणाचंच नसतंय," ते म्हणाले. मग उठले, मागच्या खोलीत गेले आणि खारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात मऊ सुती कापड होतं. कापडात नळी होती. गंज, म्हणजे साय, सगळं जागच्या जागी. वर रजिस्टरची चिठ्ठीसुद्धा नीट बांधलेली. नळी कुठे गेलीच नव्हती.

मी एक मोठा श्वास घेतला, शिव्या देण्यासाठी. पण चाचांनी नळीचं बूड माझ्यापुढे धरलं आणि नखानं एक खूण दाखवली. ज्वारीच्या दाण्याएवढी. तीन टोकं, खाली फुगीर.

"काय हाय?"

"मुकुट," मी म्हणालो. नळी बदलण्याआधी मी पाठवलेल्या फोटोत परचुऱ्यांनी तो हेरला होता. विलायतेत तपासणी झाल्याचा मुकुट, असं फोनवर सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा जरासा ओला झाला होता.

"डाळिंबाचं फूल हाय. माझ्या वालिदांचा ठसा."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. अठ्ठावन्न साली माझ्या आजोबांनी पिस्तूल साफ केलं, पुसायचं फडकं नळीतच विसरले आणि वर गोळी झाडली. नळी मधोमध सापानं बेडूक गिळल्यासारखी फुगली. शिकारखान्यातला माणूस, कुणाला सांगणार? ते अंधार पडायची वाट बघून चाचांच्या वडिलांकडे, इमामसाहेबांकडे आले. इमामसाहेबांनी चार महिने बसून हुबेहूब तशीच नळी केली, नंबरसकट. आजोबांनी फक्त एकच मागितलं, की हे बाहेर कळू नये. इमामसाहेबांनी शब्द दिला आणि बुडाशी, जिथे कुणी बघत नाही तिथे, आपलं फूल उमटवलं. आमच्या घरात आजोबांच्या शिकारीच्या बऱ्याच गोष्टी होत्या. फडक्याची नव्हती.

"त्यांनी तसली एकच केली," चाचा म्हणाले. "डोळं गेलं नंतर. माझ्याकडं त्यांच्या हातचं कायबी नाही रे. जे केलं ते गिऱ्हाईकाच्या घरी गेलं. तू नळी नीट करा म्हणून आलास, तवा दोन दिस मला झोप नव्हती. म्हटलं, नवी चांगली करून द्यावी. जुनी राहू द्यावी माझ्याजवळ."

मला शिव्यांचं काय करावं कळेना. शिवाय दुसरी एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरत होती. ही मूळ नळी मूळ नव्हतीच. परचुऱ्यांना हवे असलेले आजोबा आधीपासूनच कवळी लावून बसले होते.

"मग रविवारी त्यांना सांगायचं काय?" मी विचारलं.

"खरं सांगायचं," चाचा म्हणाले, आणि अगदी निर्धास्तपणे. "माणूस जाणता हाय. माझं काम उत्तम म्हणाला का नाही? मग बापाचं बघून काय म्हणंल? असल्या कामाला किंमत देत्यात ती माणसं. त्यासाठीच तर मोजे घालत्यात."

मी वापरलेल्या गाड्या विकणारा माणूस होतो. पहिला मालक कोण हे चेक वटेपर्यंत सांगायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मी चाचांना सुचवूनही पाहिलं, की आधी व्यवहार होऊ दे, मग सांगू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नळीत फडकं विसरलो होतो.

रविवारी परचुरे लग्नातले कपडे घालूनच आले, गळ्याला अत्तर, खिशात मोजे. शलाका माझ्याबरोबर होती, कारण क्लबचा फॉर्म तिच्याकडे होता आणि चेक मिळताच तो भरून सोमवारी सकाळी द्यायचा होता. ती स्टुलावर बसली. चाचांनी जुनी नळी पिस्तुलात बसवली. दहा मिनिटांचं काम, त्यांनी अर्धा तास लावला. परचुऱ्यांनी मोजे चढवले, भिंग काढलं, आणि नळीच्या बुडाशी पोचताच त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला.

"बघा," ते शलाकाला म्हणाले. "हा मुकुट. इतका सफाईदार ठसा आपल्याकडे उमटत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हात आहे हा. तिकडचा."

"साहेब," चाचा म्हणाले, "ती माझ्या वडिलांनी केल्याली हाय. अठ्ठावन्न साली."

मी डोळे मिटले. सव्वादोन लाख उडून जाताना कसा आवाज येतो, ते ऐकायची तयारी केली.

आवाज आला नाही. परचुरे हसले. मायेनं हसले, म्हाताऱ्यानं काही गंमत केली की आपण हसतो तसं.

"शिकलगार, तुमचा राग मी समजू शकतो. तुमची नळी नाकारली मी. पण ही तुमच्या वडिलांची? अहो, हे पीळ बघा. इथे, या दुकानात, कानशीनं?"

चाचांनी त्यांना सांगितलं की कानस हीच होती, आणि काउंटरवरची कानस पुढे केली. मुठीवर तेच तीन टोकांचं फूल होतं. परचुऱ्यांनी भिंगातून बघितलं आणि आनंदून म्हणाले, "बघा! म्हणजे तुमच्या वडिलांची अवजारंसुद्धा तिकडचीच होती."

मी चाचांच्या बाजूनं बोललो, हे नोंदवून ठेवतो. म्हणालो, साहेब, हे खरं सांगताहेत, आमच्या आजोबांनी फडकं विसरून गोळी झाडली होती. परचुऱ्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे याचा कागद आहे का. मी म्हणालो नाही, आजोबांनी फडक्याची पावती घेतली नव्हती. ते म्हणाले, मग राहू द्या. आणि चेकबुक काढलं.

चाचांचा हात काउंटरच्या खणाकडे गेला. खण अर्धा उघडला. मला आत दिसलं: बोटभर लांबीचा पोलादी ठसा, टोकाला तेच फूल. शिशाच्या एखाद्या तुकड्यावर त्याचा एक ठोका पुरला असता. नळीवरच्या खुणेशेजारी ठेवला की वाद संपला. परचुरे कितीही परचुरे असले तरी त्यांना डोळे होते.

तेव्हा मी चाचांकडे बघितलं. शलाका फॉर्म मांडीवर ठेवून बसली होती आणि तिनं पेनाचं टोपण काढलेलं होतं, एवढंच मी बघितलं, आणि मग पुन्हा चाचांकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही, पण ते चाचांना वाचता आलं.

त्यांनी खण बंद केला.

"असंल, साहेब," ते म्हणाले. "विलायतीच असंल. म्हातारपणी माणूस कायबी बोलतंय."

"होतं असं," परचुरे म्हणाले आणि सही केली. मूळ नळीसकट, असं त्यांनी पावतीवर मुद्दाम लिहून घेतलं. चाचांनीच लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

बाहेर आल्यावर शलाकानं विचारलं, खणात काय होतं. मी नेहमीसारखं काहीतरी गमतीशीर सांगायला तोंड उघडलं आणि सगळं खरं सांगून बसलो. डबा, दोन दिवस उडालेली झोप, फडकं, ठसा. ती ऐकत चालत राहिली. स्टँडवर पोचल्यावर एवढंच म्हणाली, "तुला दिसला होता तो ठसा." मी हो म्हणालो. सांगलीपर्यंत ती पुढच्या सीटवर बसली, मी मागच्या.

पिस्तूल पाच आठवड्यांनी आलं. क्लबनं कागद हातात दिले त्याच दिवशी ती मला म्हणाली, मिरजेला चल. मला वाटलं, पेढे द्यायला. तिनं चाचांच्या काउंटरवर पेटी उघडली. ते पिस्तूल असं होतं की त्याच्याकडे बघायचे पैसे द्यावेत. चाचांनी हात धुतले, पुसले आणि मग उचललं. चारही बाजूंनी बघून म्हणाले, यात मी करण्यासारखं काही नाही, बेटी.

"खणातला ठसा मारा," ती म्हणाली. "नळीवर. बुडाशी."

मी मध्ये पडलो. माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. गॅरंटी जाईल म्हणालो, उद्या विकायला काढलं तर डीलर निम्म्यानं पाडून मागेल म्हणालो, परचुऱ्यांचं उदाहरण दिलं. चाचा माझ्याच बाजूचे निघाले. "भाऊ बरोबर बोलतोय. कोऱ्या हत्याराची किंमत जाईल. आणि यात मी काही केल्यालंच नाही. नाव कशाचं घालू?"

"घालायचं राहिलेलं नाव आहे ते," शलाका म्हणाली. "आणि मी विकणार नाहीये."

चाचांनी खण उघडला. नळी सुटी करून लाकडी ठोकळ्यात धरली, ठसा टेकवला, काढला, कापडानं जागा पुसली, पुन्हा टेकवला. एकच ठोका. माझ्या अंदाजानं साधारण दीड लाखाचा.

राज्य स्पर्धेत शलाका सहावी आली. पहिल्या तिघींत असती तर ही गोष्ट मी जास्त वेळा सांगितली असती. स्पर्धेच्या आधी साहित्य तपासणीच्या टेबलावर एक जाडजूड पंच बसले होते. त्यांनी वजन केलं, मापं घेतली, आणि नळीच्या बुडाशी येऊन थांबले.

"हा कुठला मुकुट? कंपनीचा नाही."

"मुकुट नाही. डाळिंबाचं फूल आहे."

पंचांनी चष्मा वर ढकलून तिच्याकडे बघितलं. नळीवर कारखान्याबाहेरची खूण असेल तर रकाना भरावा लागतो, असं म्हणाले. रांगेत मागे तीस जण होते, त्यांतल्या कुणीतरी वैतागून उसासा सोडला. पंचांनी फॉर्म फिरवला आणि पेन उघडलं.

"कारागिराचं नाव सांगा."

"इमामसाहेब शिकलगार," शलाका म्हणाली. "मिरज."

त्यांनी लिहिलं, आणि पुढच्याला बोलावलं.